माडीवरचं व्हिडिओचं पेज

आमच्या भवानी पेठेत ज्या घरात माग चालतो, तिथं कापसाची धूळ कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा साचते. माझ्या माडीवर कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरी राहायला आल्यापासून किस्स्यांचं तसंच झालंय.

पोरी दोन, सुजाता आणि नसरीन. युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून दोघी एक पेज बनवत होत्या. लिंक दाबली की समोरचा माणूस दिसणार, बोलणार. ॲप नको, काही नको. नसरीनला मजा वाटायची, सुजाताला धास्ती! तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला. त्यांनी बजावून ठेवलेलं, "पास झालीस तर पुढं शीक. न्हाय तर लगीन."

* * *

पहिली टेस्ट माझ्यावरच. मी चौथी शिकलेली. मला जमलं तर सगळ्यांना जमेल, असा हिशोब!

पेजनं विचारलं, कॅमेरा वापरू का? मी दाबलं 'नाही'. पेज जागच्या जागी ठप्प.

"मावशी, नाही कशाला दाबलंत?" सुजाता रडकुंडीला आली. "नाही म्हटल्यावर काय करायचं, ते आम्ही लिहिलंच नाही!"

"पोरींनी बनवलं, आन त्यात न्हाय म्हनायची सोय न्हाय व्हय?"

दोघी लगेच ते लिहायला बसल्या.

* * *

खाली आमचा माग खडखडत असतो. तो आवाज गाळायचं काहीतरी नसरीननं बसवलं. माग गेला, पण माझा आवाजही गेला! मी बोलतेय, तोंड हलतंय, पलीकडे शांतता.

"मावशी, मशीनला वाटतंय तुम्ही पण मागच!"

"तुज्या मशीनला सांग, माग बंद पडतो. मी न्हाय!"

* * *

मग पाठीमागचं घर धूसर करायचं ठरलं. धूसर झालं, पण नसरीनची ओढणीही त्यातच गेली! नुसता चेहरा तरंगतोय.

"झाक की डोकं!" मी ओरडले.

"झाकलंय मावशी! मशीनच काढतंय! अम्मीने देखा तो मेरी खैर नहीं!"

* * *

एकदा सुजाताच्या वडिलांचा फोन आला. सुजाता ऐकत होती आणि तोंड उतरत होतं. मी फोन हिसकावला.

"जय भीम ताई," ते म्हणाले. "परीक्षेचं काय सांगावं? पाहुणे तयार ठेवलेले बरे. त्याच दिवशी दुपारी मोबाईलवरच बघनार हायत. बघनं काय, लगेच उरकतंय."

"आन संसार?"

फोन कट झाला. रेंज गेली का राग आला, कळलं नाही.

* * *

परीक्षेचा दिवस. बाहेरगावच्या परीक्षक मॅडम पेजवर आल्या. सुजाता उत्तरं देत होती. तेवढ्यात नवा चौकोन उघडला. त्यात एक बाई, शेजारी कडक इस्त्रीतला मुलगा. लगेच आणखी एक चौकोन. त्यात सुजाताचे वडील, कंपनीच्या गेटजवळ, घामाघूम!

झालं असं, की आदल्या दिवशी तपासायला वडिलांना लिंक दिलेली. त्यांनी तीच मुलाकडच्यांना धाडली. आणि पोरींच्या पेजवर खोली एकच, लिंक दाबेल तो थेट तिथंच! मुलाकडची माणसं कधी वेळेवर येत नाहीत, ही नेमकी आधी आली!

नसरीन त्यांना बाहेर काढायला धावली, तर बटण चालेना.

मुलाची आई म्हणाली, "ऊठ पोरी, चालून दाखव."

सुजाता हलली नाही. मी दाराआड दात खात उभी.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं, माणसं आली. आधी मुलानं चालून दाखवावं. हलताना चित्र तुटतंय का, ते बघायचंय मला."

आणि मुलगा उठला! कपाटापर्यंत गेला, परत आला.

"नाही तुटत," मॅडमनी लिहून घेतलं.

"ह्ये काय चाललंय?" त्याची आई कडाडली. "पाहुणं, तुमी तरी बोला की!"

वडील फोनच्या इतके जवळ आले, की नुसतं नाक दिसत होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्यांचं ऱ्हाऊ द्या. आमची पोरगी पास हाय का, तेवडं सांगा."