तिजोरीची दुसरी चावी

साठच्या दशकात मी मालवणच्या एका छोट्या पतपेढीत कारकून होतो. घाटावरचा, एकटा, तिथली बोली अर्धीच कळायची...

पेढीच्या तिजोरीला दोन कुलपं. एक चावी खजिनदार तात्यांकडे, दुसरी माझ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय ती उघडायची नाही. पण मी राहायला-जेवायला तात्यांकडेच, त्यामुळे दोन्ही चाव्या त्यांच्या घरी एकाच खुंटीवर लटकायच्या... सोय म्हणून!

एकदा तपासणीला साहेब आले. चाव्या कुठे असतात असं विचारल्यावर तात्यांनी ठेवणीतलं मराठी काढलं. "साहेब, दोन्ही एकाच खुंटीला असतात. हरवायची भीतीच नाही!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्याच दिवशी हुकूम निघाला, चावीवाल्या दोघांनी एका घरात राहायचं नाही. साहेबांचं काही चुकलं नव्हतं, पण माझं घर गेलं.

बंदराजवळ खोली घेतली. तात्या नियमाला इतके पक्के की जेवायलाही बोलवेनात. दिवसभर शेजारी बसायचो आणि संध्याकाळी खानावळीत भिंतीकडे बघत एकटाच जेवायचो... आपण कोणाला हवे आहोत असं वाटेचना.

मग एका सकाळी तापाने उठताच येईना. पेढी उघडायची वेळ टळली तसे तात्या धापा टाकत खोलीवर आले. मी उशाखालची चावी पुढे केली, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले!

"ती माका नको. तू बरो झालंस की उघडूया," म्हणाले. पेढीत ताटकळलेल्या लोकांना निरोप धाडला आणि माझ्या ट्रंकेवर बसून राहिले.

दुपारी तात्यांच्या घरच्या काकी पेज घेऊन हजर. "नियम चावीक आसा, पेजेक नाय," असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. मी पांघरुणात तोंड घालून रडलो.

दुसऱ्या दिवशी लोकांचं अडू नये म्हणून चौघांनी मला खुर्चीत बसवून पेढीत नेलं. मी चावी फिरवली, मग त्यांनी मला पुन्हा खोलीवर आणून झोपवलं... सगळा बाजार हसत होता.

आता बँकेचं काम मोबाइलवर होतं. माझा चेहरा बघून तो उघडतो, फार सोयीचं आहे. पण मी चार दिवस तो उघडला नाही, तरी कोणाचं काही अडत नाही.

तात्यांनी चावी घेतली असती तर ते लगेच निघून गेले असते. घेतली नाही, म्हणून बसले... त्यांचं ते बसणं आज या रिकाम्या घरात फार आठवतं.