दोन कणसांचं बी

थॉमसिन ही इंग्लंडातल्या सफोकच्या एका खोगीर शिवणाऱ्याची मुलगी. बाप गेला, आईने दुसरं घर केलं आणि त्या घरात थॉमसिनला चुलीपाशीसुद्धा जागा उरली नाही. मग विसाव्या वर्षी ती तीसेक पोरींबरोबर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या जहाजात बसली. तिकडे पुरुषांनी जमिनी धरल्या होत्या, पण घरात बाई नव्हती. जो पोरीच्या प्रवासाचा खर्च देईल त्याच्याशी तिचं लग्न लागे, आणि तो खर्च तंबाखूत द्यायचा असे. गेब्रिएल फेनने तिच्यासाठी दीडशे पौंड तंबाखू मोजली.

पुढे भांडण झालं की तो म्हणायचा, "वरची, निवडक पानं होती गं ती."

"मग त्या पानांशीच संसार करायचा होतास," थॉमसिन म्हणायची.

पण ही भांडणं सुखाच्या दिवसांतली.

जेम्स नदीच्या काठी कॅप्टन टिडवेलची वस्ती होती. लाकडी कुंपणाच्या आत चौदा झोपड्या आणि बाहेर नजर पोचेल तिथवर तंबाखू. तंबाखूवर बूट मिळे, कुऱ्हाड मिळे, नवरी मिळे, म्हणून माणसं जागा मिळेल तिथे तंबाखू लावत. वाटेच्या कडेला लावत, दफनाच्या जागेला लागून लावत. खायचं काय, हा प्रश्न कुणाला पडत नसे. ओढ्यापलीकडे तिथले मूळचे लोक राहत. त्यांना मणी आणि तांब्याचे पत्रे दिले की ते टोपल्या भरून मका देत.

मका लावायची ती एकटी थॉमसिन. पलीकडच्या गावातल्या एका बाईने तिला ते शिकवलं होतं. त्या बाईचं नाव तिला कधी नीट उच्चारता आलं नाही. शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान घेऊन त्या बाईने तिला कणसं दिली, निळ्या आणि तांबूस दाण्यांची. मातीचे उंचवटे कसे करायचे, एकेकात चार दाणे कसे टोचायचे ते हाताने दाखवलं. ओकच्या झाडाचं पान खारीच्या कानाएवढं झालं की पेरायचं, हेही तिनेच खुणेने सांगितलं. त्यासाठी तिने स्वतःचा कान चिमटीत धरला होता आणि दोघी खूप हसल्या होत्या.

मग ते सगळं मोडलं. गोऱ्यांची शेतं सरकत सरकत त्या लोकांच्या शेतांत घुसली होती. एका मार्चच्या सकाळी ते नदीकाठच्या सगळ्या वस्त्यांवर तुटून पडले आणि शेकड्यांनी माणसं मारली गेली. टिडवेलच्या वस्तीत चौदातली सहा घरं जळली. उन्हाळा सरताना कॅप्टन टिडवेल माणसं घेऊन ओढ्यापलीकडे गेला आणि त्याने उभा मका पेटवून दिला. मशाल धरणाऱ्यांत गेब्रिएल होता. दाढीत राख घेऊन तो घरी आला.

"सगळा जाळला," तो म्हणाला. "एक दाणा ठेवला नाही."

"आणि आता आपण मका कुणाकडून आणायचा?" थॉमसिनने विचारलं.

तो बुटाची दोरी सोडू लागला. "जहाज येईल," म्हणाला.

जहाज आलं. त्यातून साठ माणसं उतरली, दारूची पिंपं उतरली आणि तापाची साथ उतरली. पीठ मात्र फार थोडं होतं, ते नाताळापर्यंतही पुरलं नाही. त्या हिवाळ्यात टिडवेलच्या कोठारात आढ्यापर्यंत तंबाखू टांगलेली होती, सोन्यासारखी पिवळी, गोड वासाची. त्या वासाखालून माणसं मेलेल्यांना उचलून नेत होती. दिवसाला वाटीभर वाटाण्याचं पाणी मिळे. नदीत कालवं होती, पण कुंपणाबाहेर गेलेली दोन माणसं परत आली नव्हती.

थॉमसिनचं मक्याचं छोटं शेतही लढाईच्या धावपळीत तुडवलं गेलं होतं. त्यातून वाचलेली दोन कणसं तिने फडक्यात बांधून आढ्याला, बिछान्याच्या वर टांगली होती. फेब्रुवारीत गेब्रिएलला रक्ताची हगवण लागली. तो उताणा पडून दिवसभर त्या फडक्याकडे बघत राही.

"थॉमसिन, एकच दे."

"नाही."

"अर्धं उकडून दे. उरलेलं अर्धं पेर."

"दोन कणसांनी तू उठणार नाहीस, गेब्रिएल. पेरली तर पुढच्या हिवाळ्यात दोघं जगू."

"पुढच्या हिवाळ्यात कोण दोघं?" तो हसला. हसताना त्याच्या ओठातून रक्त आलं. "बाकी तू हुशार. बी पेरशील नि मी खताला पडेन."

ती बाहेर गेली आणि ओकच्या फांदीकडे बघत उभी राहिली. फांदीवर नुसत्या काळ्या गाठी होत्या. आत येऊन तिने कातड्याचा जुना पट्टा उकळला आणि ते पाणी त्याला पाजलं. मार्च संपता संपता तो गेला. जाताना त्याने मका मागितला नाही. मागितला असता तर आपण दिला असता का, याचं उत्तर तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

त्यानंतर बारा दिवसांनी ओकला पानं फुटली. वस्तीतले जगलेवाचले पुरुष तेव्हा तंबाखूची रोपं जपत बसले होते. पायात उभं राहायची ताकद नव्हती, तरी त्यांचं बोलणं एकच, यंदा भाव चढणार. थॉमसिनने गेब्रिएलची कुदळ उचलली आणि कुंपणालगतच्या आपल्या शेतात गेली. दोन उंचवटे करायचे आणि बसायचं, पुन्हा दोन करायचे. चार दिवसांत शंभर उंचवटे झाले, प्रत्येकात चार दाणे. खालचे कुरतडलेले काही दाणे उरले, तेही तिने तोंडात टाकले नाहीत, शेवटच्या उंचवट्यात दाबले.

पाचव्या दिवशी धुक्यात ती शेतावर आली तर एक बाई गुडघे टेकून बसलेली. दहा बोटांनी माती उकरत होती. दाणे भिजून फुगले होते. ती ते मातीसकट चावत होती.

थॉमसिनने कुदळ वर धरली. ती बाई हलली नाही. पळायची ताकद तिच्यात नव्हती. जहाजातून आलेल्या साठांपैकी ती एक, नाव सिबिल. नवरा समुद्रातच गेला होता.

"किती दिवस खातेयस?" थॉमसिनने विचारलं.

"आजचा तिसरा. खाऊन झालं की माती परत सारखी करत होते."

"कुणाचं बी आहे हे, ठाऊक होतं?"

"तुमचं," सिबिल म्हणाली. "तुम्ही रोज दमून लवकर परत जाता, ते बघत होते. मारायचं तर मारा. तिथवर चालत जायला मात्र लावू नका."

तिथवर म्हणजे कॅप्टनच्या दारातल्या खांबापर्यंत. बियाणं उकरणाऱ्याला त्या खांबाशी चाळीस फटके बसत. त्या वसंतात चाळीस फटके सोसून जगेल असं माणूस वस्तीत नव्हतं.

थॉमसिनने एकेक उंचवटा चाचपून मोजला. शंभरातले चौसष्ट उकरलेले होते. ती मोजत असतानाच कॅप्टन टिडवेल दोन बंदूकवाले घेऊन कुंपणाची फेरी करत आला. तो उकरलेल्या मातीकडे बघून थांबला.

"हे कुणी केलं, बाई?"

"कावळ्यांनी, कॅप्टन."

कॅप्टन वाकला. मातीत बोटांच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या. "तुझ्या कावळ्यांना बोटं आहेत."

"तुम्ही आम्हाला या देशाबद्दल काय काय सांगितलं होतं," थॉमसिन म्हणाली. "त्यात हेही असेल असं वाटलं."

एक बंदूकवाला हसायला गेला आणि खोकत राहिला. कॅप्टनने सिबिलच्या मातीने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं, थॉमसिनकडे पाहिलं. "तुझं बी, तुझं पोट," म्हणाला आणि पुढे गेला. मेलेल्यांसाठी खड्डा खणायला त्याच्याकडेही माणसं उरली नव्हती.

"का वाचवलंत मला?" सिबिलने विचारलं.

ती दया नव्हती. छत्तीस उंचवटे उरले होते, दिवसा कावळे होते, रात्री हरणं होती, आणि थॉमसिनला दोनच डोळे होते. ती म्हणाली, "तू त्या टोकाला बस. मी या टोकाला बसते. झोप आली तर हाक मार."

तेव्हापासून दोघी तिथेच राहू लागल्या. वाटाण्याचं पाणी एक जण जाऊन दोघींचं आणी. मेच्या मध्यावर एकतीस उंचवट्यांतून हिरवी टोकं वर आली. सिबिल त्यांच्याकडे ज्या नजरेने बघे, ती नजर थॉमसिनला ओळखीची होती. आढ्याखालच्या बिछान्यावरून गेब्रिएलची तशीच नजर सहा आठवडे तिने अंगावर घेतली होती. त्यामुळे सिबिल कावळ्यांवर लक्ष ठेवी आणि थॉमसिन सिबिलवर. मका हातात यायला अजून तीन महिने होते.

"झोपा जरा," सिबिल म्हणायची. "मी नाही खात."

"माहीत आहे," थॉमसिन म्हणायची, आणि कुदळ मांडीवर आडवी घेऊन जागी बसायची.