आमच्या गल्लीतली अर्धी चाल

पेणला आमच्या गल्लीत रोज सकाळी कचऱ्याची घंटागाडी येते. नाव घंटागाडी असलं तरी तिला घंटा नाही. टपावर भोंगा आहे आणि त्यातून ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं समजावणारं गाणं वाजतं. शब्द कुणाच्या लक्षात नाहीत, पण चाल सगळ्यांच्या तोंडात बसली आहे. बायको भाकऱ्या थापताना ती गुणगुणते, समोरचे मास्तर स्कूटर पुसताना. शेजारच्या चाचांचा मुलगा कुवेतला असतो. तो सकाळी घरी व्हिडिओ कॉल करतो, मागे गाडी वाजते, आणि मग तिथं कामावर दिवसभर ती चाल डोक्यातून जात नाही, अशी त्याची तक्रार आहे.

मी एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. मोजून घेणं आणि मोजून देणं हे माझं काम, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही चाल इतकी का अडकते, याचाही मी शोध लावला. आमची गल्ली पुढे बंद आहे. गाडी आत येते, डबे रिकामे होतात, आणि वळायला जागा नसल्यामुळे ती उलटी बाहेर काढावी लागते. मागच्या माणसाच्या हाका ऐकू याव्यात म्हणून ड्रायव्हर त्या वेळी गाणं बंद करतो. मोठ्या रस्त्याला लागला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आमच्या गल्लीनं ते गाणं पुरं कधी ऐकलेलंच नाही. गुणगुणणारा माणूस अर्ध्यापर्यंत जातो, पुढचं माहीत नसतं, म्हणून परत पहिल्या ओळीवर येतो. त्याला बाहेर पडायची वाटच नाही. हे मी घरी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही डबे घेऊन उभे असता तेव्हा हे तपासत असता?"

ही मुलगी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. रोज पेणहून ट्रेननं जाते. तिथंच तिनं लग्नासाठी मुलगा पसंत केला. माणसं रोह्यातलीच, गावाच्या कडेला घर, मागे भाताची आणि वालाची शेती. मुलाचे वडील देवळातल्या भजनात पुढे बसणारे. मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि मला जे विचारायचं ते मी विचारलं. नाईट शिफ्ट किती असतात, पावसात नदीचं पाणी कुठवर चढतं, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, घराच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत. मुलीच्या बापानं हे विचारायचं नाही तर कुणी विचारायचं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. उत्तरं मुलाच्या आईनं दिली. वडील गप्प होते. आम्ही निघालो तेव्हा दारात उभे राहून ते म्हणाले, "पाहुणे, लग्न करताय का टेंडर काढताय?"

मला वाटलं ते खरंच विचारतायत. मी सांगितलं, लग्न.

त्यानंतर त्यांच्याकडून काही कळलं नाही. पाऊस लागला, लावण्या झाल्या, तरी निरोप नाही. शेवटी मुलाकडून समजलं की वडिलांना मुलगी आवडली आहे, पण त्यांचं म्हणणं असं, की त्या घरात कोण हसत नाय. हसणं माहीत नसलेल्या माणसांशी जन्मभराचं नातं कसं जोडायचं? मुलगा म्हणाला, आपण लग्न करून टाकू, ते येतील मागाहून. मुलगी तयार होईना. ते मनापासून हो म्हणतील तेव्हाच मी त्या घरात पाऊल टाकीन, असं तिनं त्याला सांगितलं आणि आम्हालाही. माझ्यामुळे अडलंय हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. जेवायला मात्र ती माझ्या समोर बसायची ती बाजूला बसायला लागली.

बायकोनं मार्ग काढला. त्यांचा गणपती दीड दिवसाचा, आमचा पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे आरतीला यावं, असं तिनं मुलाच्या आईला फोनवर सांगितलं. देवाचं बोलावणं मोडता येत नाही, ते आले. येण्याआधी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "बसा म्हणा, पाणी घ्या म्हणा. त्यापुढं एक प्रश्न विचारायचा नाही." मुलीनंही एक सूचना केली. मुलाच्या वडिलांना चाल चुकलेली सहन होत नाही, देवळात एका बुवांना त्यांनी भर अभंगात थांबवलं होतं. आरती नीट म्हणा.

मी बसा म्हणालो, पाणी घ्या म्हणालो. पुढं बोलायला काही उरलं नाही. मुलाचे वडील मखराकडे बघत होते. माझ्या मनात बरेच प्रश्न होते, नदीला यंदा पाणी कितपत आलं हा तर अगदी जिभेवर होता, पण मी ओठ मिटून बसलो. मिटलेल्या तोंडात चाल फिरायला लागली. ती कुठली होती, हे माझं मलाच कळत नव्हतं.

गल्लीतली पोरं जमली, मास्तर आले. आमच्याकडे पहिली आरती घरच्या कर्त्यानं उचलायची, तीही हातात ताट घेऊन. मी निरांजन लावलं, ताट घेतलं आणि मोठ्यानं सुरुवात केली.

शब्द आरतीचे होते. चाल घंटागाडीची.

पोरांना एका ओळीत कळलं. त्यांनी इतक्या उत्साहानं टाळ्या धरल्या की मला वाटलं, आज आरती रंगली. मास्तरांनी सूर मिळवला. दुसऱ्या कडव्याला बायकोकडे नजर गेली. तिनं पदर तोंडात कोंबला होता. मुलगी घंटा वाजवत होती आणि तिचे डोळे गच्च मिटलेले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण उचललेली आरती मध्ये थांबवायची नसते, आणि तेवढ्या लोकांना एकदम मूळ चालीवर आणणं माझ्या आवाजाला जमणारं नव्हतं. मी पुढे म्हणत राहिलो. मुलाचे वडील टाळ धरून उभे होते. चेहऱ्यावर काही नाही, टाळ मात्र ठेक्याला धरून.

कडवी संपली आणि खरी पंचाईत झाली. धृपद म्हणून थांबायचं, तर चाल थांबेना. अर्ध्यावर आली की आम्ही सगळे सवयीनं पुन्हा पहिल्या ओळीवर. एकदा झालं, दोनदा झालं, पोरं तर खुशीत आली होती. ताट तापलं, बोटं भाजायला लागली. पुढं कसं जायचं हे अख्ख्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. आता हे चपला घालणार, असं मला वाटलं. त्यांनी डोळे मिटले, आवाज चढवला आणि त्याच चालीचा पुढचा अर्धा भाग, आम्ही कधीच न ऐकलेला, आरतीच्या शब्दांत घोळवून म्हटला. शेवटी चाल छान खाली उतरत होती. समेवर त्यांनी टाळ आपटला आणि आरती थांबली.

मी ताट खाली ठेवलं आणि बोटं पाण्यात घातली.

"आमच्याकडं गाडी दारातच उभी असते," ते म्हणाले. "ड्रायव्हर चहा घेतो. पुरं गाणं ऐकावं लागतं."

मुलाच्या आईला आधी हसू फुटलं. तिनं माझ्या मुलीच्या दंडाला धरलं. "काय गो, तुझा बापूस रोज असाच गातो?"

"रोज," मुलगी म्हणाली. "आज फक्त मोठ्यानं."

मग मुलाचे वडील हसले. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळे पुसत हसले, आणि त्यांना बघून मीही. मला हसताना खोकला येतो. मास्तरांनी पाठीवर थापट्या मारल्या. खोकला थांबेपर्यंत मुलाचे वडील माझ्याकडे बघत होते. मग बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, मार्गशीर्षात जमंल काय?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मार्गशीर्षात भात झोडून झालेला असतो, मुलीची रजा शिल्लक होती, हे सगळं मनात येऊन गेलं, पण ते बोलायची गरज नव्हती. मी जमेल म्हणालो. मुलगी घंटा घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बायको तिच्या मागे गेली.

मास्तरांनी निरांजनात तूप घातलं. अजून बऱ्याच आरत्या व्हायच्या होत्या आणि पोरं माझ्याकडे आशेनं बघत होती. मी ताट उचललं आणि मुलाच्या वडिलांच्या हातात दिलं. त्या दिवशी पुढच्या सगळ्या आरत्या माझ्या व्याह्यांनी सांगितल्या.