राहिलेली ओ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय, त्याहून भीतीदायक काय असणार... पण गेल्या महिन्यात नोएडाला, लेकीच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रविवारी भर दुपारी जे झालं ते लिहून मोकळी होते.

त्यासाठी आधी दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं आमचं सरकारी क्वार्टर. लेक मुग्धा तेव्हा आठ वर्षांची. धाकट्या दिरांनी परदेशातून होम कॉम्प्युटर आणला – नुसता कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. गेम टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून लोड व्हायचा, किर्र-चीं आवाज करत चांगली पाच मिनिटं. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून! चौकोनी डोक्याचं एक माकड केळी वेचायचं, आणि त्याच्यापायी आम्हा तिघांची जेवणं थंड व्हायची.

पहिल्याच दिवशी हे जिंकले. स्क्रीनवर आलं – तीन अक्षरांत नाव टाका. यांचे हात आंब्याने बरबटलेले. "अगं, माझं नाव टाक ना." आता मी एम.ए., ऑफिसात साहेबांना इंग्रजीत सुनावणारी बाई... पण नवऱ्याचं नाव टाकायला बोट धजेना! काय तो वेडगळपणा. शेवटी टाकलं – ए, एच, ओ. अहो. हे हसून हसून खाली बसले. मग मी जिंकले की हे टाकायचे – ए, जी, ए. अगं.

माझी आणखी एक खोडी होती. यांच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्यांदा "अगं ए!" आलं की मगच. हे चिडायचे, मला गंमत वाटायची. ही खोडी म्हातारपणीही सुटली नाही. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी हे आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं..." मी स्वयंपाकघरात चहा गाळत, गालातल्या गालात हसत उभी. दुसरी हाक आलीच नाही. चहा घेऊन आत गेले तेव्हा...

असो.

त्यानंतर मला "अगं" म्हणणारं कुणी उरलं नाही. मी आई, मी आजी, आणि लिफ्टमध्ये आंटीजी.

तर गेल्या महिन्यात जावयाला, समीरला, एका खोक्यात तो कॉम्प्युटर सापडला. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटलेला, म्हणून त्याने माझ्या नातीच्या, रेवाच्या, केसांचा रबर बसवला. किर्र-चीं सुरू झालं आणि मी ओरडले, "पाय आपटू नका रे कुणी, टेप हलेल!" जुनी सवय.

गेम उघडला की आधी गुणांची यादी येते. ती नेहमी कोरी असायची, कारण बंद केला की हा कॉम्प्युटर सगळं विसरतो. त्या दिवशी मात्र पहिल्या ओळीत होतं – ए, जी, ए. गुण शून्य.

"आजी, ये एगा कौन है?" रेवाने विचारलं.

 मी कीबोर्ड ओढून खेळायला बसले. कशीबशी तीन केळी मिळाली. नाव विचारलं. मी एकच अक्षर तीनदा दाबलं.

"आई, हे काय, तीन शून्यं?" समीर म्हणाला.

"शून्य नाही रे. ओ आहे. द्यायची राहिली होती."

बंद करून पुन्हा लोड केला, तर यादी कोरी. समीर इंजिनिअर. तो म्हणतो, कॅसेटवर स्कोअर सेव्ह होतच नाही, आणि शून्य गुणांना यादीत जागाच नाही. बिल्कुल बरोबर. खरं सांगू, मी कारण शोधतही नाही.

परवा दुपारी चहा गाळता गाळता मी जोरात "ओ!" म्हटलं. रेवा धावत आली. "आजी, मी हाक मारलीच नाही!"

"तुला दिलीच नाही," मी म्हटलं.