डावीकडची पाकळी

दुपारचं जेवण अंगावर आलेलं आहे. ओटीवर चटई, चटईवर मी. आत बायको, शालन, भांडी घासते आहे आणि प्रत्येक भांडं आधीच्या भांड्यापेक्षा लांब वाजतं आहे.

झोपायचं नाही. संध्याकाळी देवळात पहिल्यांदा गाऱ्हाणं घालायचं आहे. तातू गेल्याला अकरा महिने झाले. आता देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने बोलायचा त्यांचा मान पुतण्या म्हणून माझ्याकडे आला आहे. मी बोलायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे गावाने म्हणायचं:

व्हय महाराजा.

सकाळी गुणाजी येऊन गेला. आला म्हणजे अंगणाच्या दगडी गडग्याच्या पलीकडे उभा राहिला. बारा वर्षं तो कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही. गावाने त्याला वाळीत टाकलेलं आहे. तातूंनी एकदा गाऱ्हाण्यात व्हाळाचं, गावच्या ओढ्याचं, पाणी आधी आपल्या बागेला मागितलं. सगळे व्हय म्हणाले, गुणाजी गप्प राहिला. एवढंच.

"जयवंता, वैशाखात चेडवाचा लगीन," तो म्हणाला. "मांडवाक चार हात मिळणत नाय. आज देवाक इचार. माका घेयत काय, एवढाच."

पोरीच्या लग्नाचं ऐकून मी बघतो म्हणालो.

आत एक भांडं वाजतं. पुढचं वाजतच नाही.

*

"सुपारी कातरून दी रे."

तातू चटईच्या कडेला बसलेले आहेत. अंगात बंडी, खांद्यावर पंचा. मला आश्चर्य वाटत नाही. मी अडकित्ता उचलतो.

"तुम्हीच कातरा की."

"एका हातान कातरूक येता?"

त्यांची डावी मूठ मिटलेली आहे. हो, आठवलं. गेले तेव्हाही मिटलेलीच होती. आम्ही चौघांनी बोटं सोडवायचा प्रयत्न केला होता. शेवटी तशीच चितेवर ठेवली.

"गाऱ्हाणा पाठ झाला?"

"झालं."

"पाठ करून काय उपेग? लोकांकडसून व्हय काढूक येवक होया. चल, दाखयतंय."

ते ओटीवरून उतरतात आणि ती एसटीची पायरी असते.

*

गाडी भरलेली. सगळा गाव बसला आहे, मेलेले खिडकीशी, जिवंत कडेला. तातू कंडक्टरच्या जागी उभे. आवाज चढवत नाहीत. उलट इतका खाली आणतात की इंजीनसुद्धा ऐकायला थांबतं.

"सूर्य उगवता, तो सगळ्यांसाठी उगवता."

व्हय महाराजा.

"म्हाताऱ्यांका बसाक जागा देवची."

व्हय महाराजा.

"पोरांबाळांका सुखी ठेवचा."

व्हय महाराजा.

"आणि गुणाजीन हय उतराचा."

व्हय महाराजा.

गाडी थांबते. गुणाजी उतरतो. बाहेर रस्ता नाही, घर नाही, नुसता कातळ, क्षितिजापर्यंत. तो पिशवी छातीशी धरून उभा राहतो आणि गाडी निघते. त्या चौथ्या होकारात एक आवाज ओळखीचा होता. मी माझा गळा चाचपतो. तो अजून थरथरतो आहे.

"बघलंस?" तातू म्हणतात. "पयले तीन असे इचार, जेका कोण नाय म्हणूचो नाय. तोंडाक सवय लागता. चौथा तुझा."

मला राग यायला हवा. पण खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा येतो. चाळीस वर्षं हा माणूस काठी न उचलता गाव चालवत होता.

"आणि देव?" मी विचारतो. "कौल तर देव देतो."

गाडीचं दार उघडतं. आत गाभारा आहे.

*

काळा पाषाण. दोन्ही खांद्यांवर ओली करून चिकटवलेली एकेक पाकळी, लाल कण्हेरीची. प्रश्न विचारायचा, सांगायचं की होय असेल तर उजवी दे, नाही असेल तर डावी. मग कुठली आधी पडते त्याची वाट बघायची.

तातू माझं बोट धरतात आणि पाषाणाच्या उजव्या खांद्यावर फिरवतात. गुळगुळीत. लोण्यासारखा. डावीकडे खरखरीत.

"शंबर वर्सां तेलपाणी हयसून व्हवता. उजवी टिकणाच नाय. म्हणान आपणाक जा होया, ता उजवीर मागूचा."

"म्हणजे सगळे कौल..."

"सगळे."

"एकही खरा नाही?"

 समईची ज्योत तातूंकडे वाकते. वारा नाही.

"एक," ते म्हणतात.

मी पाषाणावरचं बोट काढून घेतो.

"गुणाजीक भायर काढूचा काय, म्हणान इचारलंय. काढूचा तर उजवी, नाय तर डावी. उजवी पडतली ह्या माका म्हायत होता. पण उजवी हलाक नाय. खिळो मारल्यासारी. आणि डावी, त्या खरखरीत दगडारची, सुटूक लागली. हळूहळू. न्हानग्याचो डोळो उघडता ना, तशी."

"मग?"

"मी हात फुडे केलंय. पडता पडता मुठीत धरलंय. उजवी नखान काढलंय."

"लोकांनी बघितलं नाही?"

"लोक डोळे मिटून होते, जया. डोळे मिटूक मीच शिकयलंय."

त्यांच्या मागे पाषाण वाढतो आहे. छप्पर राहिलेलं नाही. तो डोंगराएवढा होतो, आणि त्याच्या अंगावर ओलाव्याने चिकटलेल्या असंख्य पाकळ्या आहेत. प्रत्येकीत दिवा. ती घरं आहेत. आमचं घरही आहे, शालन आत भांडं धरून थांबलेली. एक पाकळी सुटते. ती पडत राहते, पडत राहते, आणि कुठल्याच पाकळीतून कुणीही वर बघत नाही. मी गुडघ्यांवर आलो आहे हे मला उशिरा कळतं.

"म्हणजे तो बोलतो," मी म्हणतो.

"एकदाच बोललो. आणि मी तेका मुठीत धरलंय."

मोठा डोंगर, त्यापुढे बंडीतला म्हातारा.

"उघडणा नाय रे. जळलंय तरी उघडली नाय."

ते मिटलेली मूठ माझ्या तळहातावर ठेवतात. गरम आहे. वजन इतकं की माझा हात जमिनीला टेकतो.

"तू घे. मिटून ठेवलंस तर गाव तुझो. उजवो खांदो तुका म्हायत झालो, तीन व्हय म्हायत झाले. तुका कोण हलवचो नाय."

"आणि उघडली तर?"

तातू पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतात. लहानपणी मला पोहायला शिकवताना बघायचे तसे.

"तर मी सुटलंय."

*

"अहो, उठा. ढोल वाजला."

ओटी. चटई. उन्हं उतरलेली. शालन ओल्या हातांनी उभी आहे.

माझी डावी मूठ मिटलेली आहे, बोटं दुखेपर्यंत. मी एकेक बोट सोडवतो. तेवढ्या वेळात मनात येऊन जातंच: नाही उघडली तर? उजवीवर मागायचं. तीन व्हय. कुणाला कळणार आहे.

शेवटचं बोट सुटतं.

गडग्यापलीकडे गुणाजी उभा आहे, सकाळच्याच जागी. बहुतेक गेलाच नव्हता. मी हात पसरूनच उठतो, शालनसमोर जाऊन उभा राहतो.

"सदऱ्याची बटणं तू लाव. मला हा हात मिटायचा नाही."

"काय थाट!" ती बटणं लावू लागते. "आणि गाऱ्हाण्याचं पहिलं वाक्य? विसरलात तर सगळा गाव हसेल."

"डोळे मिटू नका."

"हे गाऱ्हाण्यात कुठे असतं?"

"आजपासून आहे."

"व्हय महाराजा," ती हसत म्हणते, आणि तिची नजर माझ्या उघड्या तळहातावर जाते. बटण अर्धवट राहतं.

"कण्हेर तर आपल्याकडे नाही," शालन म्हणते. ती बोट लावून बघते. "आणि ही अजून ओली आहे."