दोन पेडलवाले भाऊ

"एक मिनिट ताई, आवाज लावून घेतो," असं म्हणून भाऊ स्टेजवर खाली बसत. पेडलचा नॉब अंगठ्याने केसभर फिरवत, उठून गिटारची एक तार छेडत, मान हलवत आणि पुन्हा खाली बसत. मी माइक धरून उभी. समोरची लग्नाची मंडळी जिलबीकडे वळलेली. त्यांचं एक मिनिट केवढं असायचं ते आमच्या ऑर्केस्ट्रात कोणालाही विचारा. तेवढ्यात माझी दोन गाणी होऊन मी घरच्या रस्त्याला लागले असते.

ही नव्वदनंतरची गोष्ट. वर्ध्याच्या त्या ऑर्केस्ट्रात मी गायची. दिवसभर शाळेत पोरांवर ओरडायची आणि संध्याकाळी तोच गळा घेऊन लोकांच्या लग्नात प्रेमगीतं म्हणायची, तेव्हा दमणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. भाऊ सिंदीहून रेल्वेने यायचे. घरचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान होतं. मोठे बंधू गादीवर बसत आणि हे ढेप तोलून देत. शर्टाला ढेपेचा वास, खांद्यावर गिटार आणि हातातल्या पिशवीत त्यांची ती दोन पेडलं.

तुमच्यापैकी ज्यांनी पेडल पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुठीएवढी लोखंडी डबी असते. पायाने दाबली की गिटारचा स्वच्छ आवाज जरा खरखरीत होतो, रडून झाल्यावर माणूस बोलतो तसा. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात हे मला भाऊंनीच सांगितलं. त्यांच्याकडे एक हिरवं होतं आणि एक पिवळं. त्याआधी आणलेली आणि न पटून विकून टाकलेली किती, ते वहिनींना माहीत.

एकाने भागत नाही का, असं मी एकदा वैतागून विचारलं. त्यावर त्यांनी मला खाली बसवून सगळं समजावलं. हिरव्याची धार अगदी कमी ठेवायची, त्याने आवाज नुसता कोमट करायचा. मग तो कोमट आवाज पिवळ्यात सोडायचा आणि तिथे उकळी आणायची. उलट जोडलं तर काय होतं तेही वाजवून दाखवलं. दोन जावा एकदम बोलायला लागल्यासारखं झालं. मला हसू आलं, पण फरक कळला, हे कबूल केलं पाहिजे.

बॅटरीची तर वेगळीच तऱ्हा. माझ्या कॉर्डलेस माइकला चौकोनी बॅटरी लागायची, पेडललाही तीच. मी दोन कार्यक्रम वापरलेली बॅटरी भाऊ मागून न्यायचे. मला वाटलं, काटकसर. पण तसं नव्हतं. "नवी बॅटरी लय टणक बोलते, ताई," ते म्हणाले, "थकली का मंग गोड बोलते." हे ऐकून मी म्हटलं होतं की या हिशेबाने मी आता फारच गोड गात असणार. ते मनापासून हसले आणि पुन्हा नॉबकडे वळले.

लोकांना यातलं काही कळायचं नाही. आंजी गावात एका कार्यक्रमात त्यांची ही उठबस बराच वेळ चालली, तेव्हा पुढच्या सतरंजीवरचे एक म्हातारे आजोबा उठून स्टेजपाशी आले. फार काळजीने म्हणाले, "भाऊ, दुरुस्त होत नसन तं राहू द्या. आमी तसंच ऐकून घेतो." ऑर्केस्ट्रात पुढे कित्येक महिने हे वाक्य चाललं. भाऊ स्वतःही ते सांगून हसायचे.

पण परतीच्या जीपमध्ये एकदा ते हसण्यामागचं बोलले. म्हणाले, गाणं तर सगळे ओळखतात, कॅसेटमध्ये असतं तसं वाजलं की टाळ्या देतात. आपला आवाज कोणी ओळखत नाही. "एका माणसानं तरी विचारावं, हा आवाज कोनाचा म्हणून. बस, बाकी काई नाई." मी नेहमीप्रमाणे पेंगत होते, पण हे ऐकून जागी झाले. इतकी वर्षं हा माणूस नॉब फिरवून नेमकं काय शोधतो आहे, ते मला तेव्हा समजलं.

नवं शतक लागलं आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाने नवा कीबोर्ड आणला. त्यात सनई होती, सतार होती, आणि कॅसेटमध्ये असते तशीच्या तशी गिटारही होती. एक बटन दाबलं की काम झालं, एक मिनिटही लागत नव्हतं. भाऊ आता काय करणार, असं आम्ही सगळे मनात म्हणत होतो. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने भाऊंना काढलं नाही. गिटार गळ्यात असू द्या, हात चालू द्या, फक्त वायर लावू नका, असं सांगितलं. लोकांना स्टेजवर गिटार दिसली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

मला संताप आला. तुम्ही हो कसं म्हटलं, असं मी भाऊंना विचारलं. ते पिशवीची गाठ बांधत होते. "ढेप तं जल्मभर तोलाचीच आहे, ताई," ते म्हणाले. "इथं उभं तं राह्यता येते."

तर त्या हंगामात भाऊ उभे राहिले. पेडलं समोर मांडलेली असायची, त्यांना वायर नाही, लाल दिवे बंद. तरी गिटारच्या सोलोची जागा आली की त्यांचा पाय आपोआप पिवळ्यावर जायचा आणि बोटं बरोबर सुरावर पडायची. मला ते बघवत नसे. मी लोकांकडे तोंड करून गायची.

देवळीला एका स्वागत समारंभात सोलो झाला आणि एक गृहस्थ स्टेजवर चढून आले. मुलीकडचे पाहुणे, तिथल्याच एका बँकेत कारकून, घरी हौसेने गिटार वाजवणारे. त्यांनी भाऊंचे दोन्ही हात धरले. असा आवाज आपण या भागात कधी ऐकला नाही, हा काढला कसा, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. कीबोर्डवाल्याने मान खाली घातली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो आणि अजून त्रास देतो.

मग भाऊ खाली बसले आणि त्यांनी त्या गृहस्थांना शेजारी बसवलं. हिरवं आधी, धार कमी. पिवळं नंतर. टोन अर्ध्याच्या जरा अलीकडे, बॅटरी उतरलेली. इतक्या वर्षांत जमवलेलं सगळं त्यांनी त्या माणसाच्या ओंजळीत घातलं, हातचं काही राखलं नाही.

जीपमध्ये ते आपणहून म्हणाले, "म्या त्यायले खोटं नाई सांगतलं, ताई. आवाज खोटा होता. सांगतलं ते खरं होतं." त्यानंतर ते कार्यक्रमाला आले नाहीत.

एकदा मी सिंदीला दुकानात जाऊन आले. भाऊंनी चहा मागवला, ढेपेच्या पोत्यावर मला बसायला स्वच्छ पोतं अंथरलं, शाळेची चौकशी केली. गिटारचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. निघताना वहिनी हळूच म्हणाल्या की पेडलं माळ्यावर टाकली आहेत. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

बऱ्याच दिवसांनी एका नातलगाच्या बारशाला मी देवळीला गेले होते. बसस्टँडवर त्या बँकेतल्या गृहस्थांनी मला ओळखलं आणि आग्रहाने घरी नेलं. भाऊ गेल्याचं मी सांगितलं, ते हळहळले. आतल्या खोलीत गिटार होती, खाली तशीच दोन पेडलं, एक हिरवं, एक पिवळं. ते ओशाळून म्हणाले, "त्यायनं सांगतलं तसंच सारं केलं जी. पन त्या दिवशीचा आवाज काई लागला नाई. आपल्याच हातात खोट असन."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पहिल्या सुरालाच मी हातातला चहा खाली ठेवला.

"त्या दिवशीचा आवाज भाऊंचा नव्हताच," मी म्हटलं. "तो कीबोर्ड होता. भाऊंच्या गिटारला वायरसुद्धा नव्हती."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हातातल्या गिटारकडे.

"मंग हा कोनाचा?"

"हा त्यांचा," मी म्हटलं.