माशाचं सलाईन

बोरिवलीच्या त्या नर्सिंग होममध्ये शेवंतीला आया म्हणून अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत जिला मनापासून मान द्यावा अशी एकच बाई तिला तिथे भेटली, ती एथेल सिस्टर. तीही लग्न करून वसईला गेली. बाकी सगळा आनंदीआनंद. डॉक्टर म्हणजे पेशंटपुढे वाघ नि बायकोपुढे मांजर. डॉक्टरीणबाई रोज अकराला खाली उतरायच्या आणि काउंटरमागे बसून स्वेटर विणायच्या. बोरिवलीत स्वेटर घालायचा कधी, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. तिसरा चंद्रप्रकाश, कंपाउंडर, बाईंच्या मावसबहिणीचा मुलगा. बारावी सायन्सला दोनदा आपटलेला, पण बोलायला लागला की वाटावं, डॉक्टरांना डॉक्टरकी यानेच शिकवली. शेवंती त्याला दीडशहाणा म्हणायची, अर्थात मनातल्या मनात. आयाने उघड बोलायचं नसतं.

शहाऐंशी साली डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की मासे बघितले की आजारी माणसाचा जीव शांत होतो. झालं, चार दिवसांत काउंटरवर काचेची पेटी आली. पेटी कसली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो ना, तेवढी. पाच लिटर पाणी मावलं तर मावलं. आत रंगीत खडे, एक मोठा दगड आणि बोटभर लांबीचे तीन मासे.

शेवंती वेंगुर्ल्याची. तिच्या लेखी माशाने पोहायचं ते कालवणात. "एवढ्याशा माशाला आमच्याकडे मांजर पण हुंगत नाय," ती झाडूवालीला म्हणाली आणि कामाला लागली.

पेटी आली तसा चंद्रप्रकाशच्या अंगात शास्त्रज्ञ आला. पाणी वाहतं पाहिजे म्हणाला, आणि क्रॉफर्ड मार्केटला जाऊन पंप घेऊन आला. दुकानदाराने पेटी केवढी हे विचारलंच असणार. याने काय हात पसरून दाखवले देव जाणे. पंप निघाला हॉटेलातल्या मोठ्या टाकीचा. चालू केला मात्र, पाणी चुलीवर ठेवल्यासारखं उसळलं आणि मासे काचेवर आपटायला लागले. चंद्रप्रकाश बाकावरच्या पेशंटांना सांगत होता, "प्राणवायू मिळतोय त्यांना. सायन्स आहे." तिसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगला, पाचव्या दिवशी दुसरा. उरला तो लांब शेपटीचा निळा, दगडामागे अंग चोरून बसलेला. मग घाबरून पंप बंद केला, तर साचलेल्या पाण्यावर साय धरली आणि मासा वर येऊन तोंड वासायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. आदल्याच आठवड्यात वॉर्डातली एक म्हातारी गेली होती, तेव्हा याच बाईंचा विणकामातला एक टाकाही चुकला नव्हता. शेवंतीने ते पाहिलं आणि फडकं जरा जोरातच पिळलं.

खरं सांगायचं तर तिला माशाचा कळवळा नव्हता. तिला मूर्खपणा सोसवत नव्हता. पाणी वाहतं पाहिजे, कबूल. पण ओहोळही वाहतो आणि पूरही वाहतो, आणि या गाढवाला दोन्ही एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, काउंटरवर कोणी नसताना, तिने टाकून द्यायची एक सलाईनची प्लास्टिकची बाटली नळीसकट स्वच्छ धुतली. बाटलीचं बूड कापलं आणि कॅलेंडरच्या खिळ्याला ती उलटी टांगली. पेटीतलंच तांब्याभर पाणी काढून वरून तिच्यात ओतलं. नळीचं टोक काचेला आतून टेकवून ठेवलं, म्हणजे पाणी वरून पडायला नको, काचेवरून ओघळत जावं. मग नळीवरचं चाक अंगठ्याने हळूहळू फिरवलं आणि थेंब मोजायला लागली.

हे मोजणं तिला एथेल सिस्टरने शिकवलं होतं. घड्याळ नसलं की सिस्टर मनात जेजूचं, म्हणजे येशूचं, नाव घ्यायची, एका नावाला एक थेंब. शेवंती आपल्या गावाकडच्या देवाचं, वेतोबाचं घ्यायची. साठ वेतोबा झाले की मिनिट. कागदावर बघितलं तर आयाने सलाईनला हात लावायचा नसतो. पण एथेलच्या जागी दुसरी सिस्टर डॉक्टरांनी आणलीच नव्हती, मग वॉर्डातल्या बाटल्यांची चाकं कोण बघत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अर्ध्या तासात निळा मासा दगडामागून बाहेर आला. ओघळत्या पाण्याकडे तोंड करून, शेपूट अगदी हलकी हलवत, एका जागी उभा राहिला. पाण्यावरची साय फुटून कडेला गेली. दोन तासांनी बाटली रिकामी झाली, तशी तिने पुन्हा तांब्या भरून ओतला. शेवंतीला नको असताना बरं वाटलं.

आणि मग काय, आयत्या बिळावर नागोबा. डॉक्टरीणबाईंनी पेटी बघून टाळ्या वाजवल्या आणि चंद्रप्रकाशने मान लववून त्या घेतल्या. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती बाटली दाखवत होता. "साधी कल्पना आहे, पण डोकं लागतं." तांब्या भरायचा शेवंतीने, डोकं याचं. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे गटारात दगड मारणं, अंगावर आपल्याच उडतं.

त्या महिन्याच्या शेवटी भाऊ नावाचे एक म्हातारे जुलाबांनी वॉर्डात आले. हृदय आधीच कमजोर. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाटली आठ तास चालली पाहिजे. शेवंती मागे मोरीत भांडी धूत होती, आणि चंद्रप्रकाशला मॅटिनी गाठायची होती. थेंब मोजत न बसता त्याने स्वतःच्या हाताने चाक पुरं सोडलं आणि गेला. पाऊण तासात बाटली संपली. म्हाताऱ्याला धाप लागली, ओठ निळे पडले. मोरीतून आलेल्या शेवंतीने ते पाहिलं आणि ती आरडत वर डॉक्टरांच्या घरी धावली म्हणून डॉक्टर वेळेवर पोचले आणि भाऊ वाचले.

भाऊंचा मुलगा मार्तंड, दहिसर नाक्यावरचा टायरवाला, दुसऱ्या दिवशी सकाळीच बाकावर येऊन बसला. हे कोणी केलं, एवढंच विचारत होता. आत केबिनमध्ये चंद्रप्रकाश डॉक्टरांना सांगत होता, "शेवंतीमावशी चाकांशी खेळते. ती माशाची पेटी बघा ना, तीच करते ते सगळं." महिनाभर त्याची असलेली पेटी एका वाक्यात शेवंतीची झाली.

डॉक्टरांनी तिला बोलावलं. तिच्याकडे न बघता म्हणाले, "मावशी, उद्यापासून येऊ नका. आयाला सलाईनमधलं काही कळत नाही, तिने चुकून चाक फिरवलं, असं मी भाऊंच्या मुलाला सांगितलंय."

"मी मोरीत होते, डॉक्टर. तुमाला म्हायती हाय."

"माहिती आहे. पण त्यांना एक नाव पाहिजे. आणि चंद्रप्रकाश घरचा आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे शेवंतीने ऐकलं होतं, पण फाशी देणाऱ्याने इतकं गुळमुळीत बोलावं? काम गेल्याचं एक वेळ ठीक. पण पेशंट मरता मरता वाचला, असं नाव घेऊन निघालेल्या आयाला दहिसरपासून अंधेरीपर्यंत कोण दारात उभं करणार होतं? तिला दुसरं काही येत नव्हतं.

ती दाराशी पोचली तसे डॉक्टर म्हणाले, "आणि जाताना तेवढं माशाचं चाक बाईंना दाखवून जा. त्यांना जमत नाही."

शेवंतीने त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग बाहेर येऊन काउंटरशी उभी राहिली. समोर बाकावर मार्तंड. खिडकीमागे चंद्रप्रकाश पुड्या बांधत होता.

"बाई, सुया ठेवा खाली आणि बघा," ती म्हणाली. तिचा आवाज वॉर्डातल्या बहिऱ्या पेशंटलाही ऐकू जायचा. "मिनिटाला साठ थेंब. अकरा वर्षं मी वॉर्डात अशीच मोजतेय, माझ्या हातून एक पेशंट दगावला नाय. चंद्रप्रकाशला मात्र हात लावू देऊ नका. काल म्हाताऱ्याचं चाक त्यानं पुरं सोडलं आणि मॅटिनीला गेला. डॉक्टरांना म्हायती हाय, आता आत कबूल केलं माझ्याकडं. माणसाचं असं करतो, तो माशाचं काय ठेवील?"

बाईंच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळला. मार्तंड उठला आणि औषधाच्या खिडकीकडे चालायला लागला. आतल्या पुड्या जमिनीवर सांडल्या.

डॉक्टर केबिनमधून धावत आले. अकरा वर्षांत शेवंतीसाठी ते पहिल्यांदा खुर्चीतून उठले होते. "मावशी, थांबा. जरा समजवा त्यांना, तुमचं ऐकतील."

शेवंतीने पिशवी खांद्याला लावली. "मी आया, डॉक्टर. मला सलाईनमधलं काय कळतंय?" ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.